अँड्रा टाउन्सलीची नदी

अँड्रा टाउन्सलीला एकाहत्तर वर्षांत कुणी 'मिस्टर' म्हणून हाक मारली नव्हती. दारातल्या बाईंनी तशी मारली, तेव्हा त्याने आधी मागे वळून पाहिलं.

बाई म्हणजे मिसेस क्राइटन. गावच्या वारसा उत्सवाचं सगळं त्यांच्याकडे होतं. शनिवारी अँड्राने इस्ला नदीत उतरावं आणि मोती शोधायची जुनी रीत लोकांना दाखवावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

"शिंपल्यांना हात मात्र लावायचा नाही हं, बंदी आहे. नुसतं बघायचं. आम्ही परवानगी काढलीय. तुमच्यासारखं आता कुणी उरलंच नाही हो, मिस्टर टाउन्सली."

"पुष्कळ होतो तेव्हा कुठं होतात, बाई?" आतून त्याची बायको बेला म्हणाली.

अँड्राचे लोक फिरस्ते. उन्हाळाभर नदीकाठी त्यांचे तंबू पडत. पत्र्याची भांडी ठोकायची, शेतकऱ्यांच्या रासबेरी खुडायच्या आणि नदीचं पाणी उतरलं की मोत्यांच्या मागे लागायचं. गावाच्या तोंडी त्यांना एकच नाव, 'टिंकडे', आणि ते नाव कमी, शिवी जास्त. दर पंधरवड्याला पोलीस येऊन तंबू उठवायचे. शाळेत अँड्राच्या बाकावर कुणी बसत नसे.

पण पाण्यात त्याच्याइतका श्रीमंत कुणी नव्हता. बापाने त्याला काचेच्या बुडाचा डबा करून दिला होता. तो पाण्यावर टेकवून त्यात तोंड खुपसलं की नदीचा तळ घरातल्या फरशीसारखा लख्ख दिसायचा. टोकाशी चिरलेल्या लांब काठीत शिंपला अलगद पकडून वर काढायचा. तोही वाकडा, खाच पडलेला, म्हातारा असेल तेवढाच; मोती असला तर त्यातच. "सरळ शिंपला म्हणजे लेकुरवाळं घर," बाप म्हणायचा, "त्याला हात लावलास तर हात मोडून ठेवीन."

मग एका उन्हाळ्यात रबरी पोशाख घातलेली माणसं लांबून आली. त्यांनी वाकडं-सरळ काही पाहिलं नाही. सगळा तळ खरवडला, दिसेल तो शिंपला फोडला आणि टरफलांचे ढीग काठावर टाकून निघून गेली. अँड्रा जन्मात पहिल्यांदा आपल्या पायांनी पोलीस चौकीत गेला. तिथला सार्जंट खो खो हसला. "चोरच चोराची फिर्याद घेऊन आलाय!"

पुढे बरीच वर्षं गेल्यावर बंदीचा कायदा झाला. सगळ्यांनाच बंदी, त्यात अँड्राही आला. कायदा चुकला असंही त्याला म्हणता येईना. कुणाला शिव्या द्याव्यात, तेच कळेना. सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, त्यात नवराबायको राहू लागले. नदी चालत वीस मिनिटांवर. पाच वर्षांत तो एकदाही तिकडे फिरकला नव्हता.

"जाणार आहेस?" मिसेस क्राइटन गेल्यावर बेलाने विचारलं. "ज्या गवतावरून तुझ्या आईला बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी हाकललं, त्याच गवतावर हे आता नाचणार. आणि तू त्यांचं माकड."

"नदी बघायला मिळेल ना," तो म्हणाला. बंदी होऊन पाच वर्षं झाली होती. इतक्या दिवसांत पिल्लं आली असतील, असं त्याच्या मनात होतं. बेलाला तो तसं बोलला नाही, पण तिला कळलं असावं. शनिवारी सकाळी तिने त्याचे उंच रबरी बूट मुकाट्याने पुसून ठेवले.

काठावर बॅगपाइप वाजत होते. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी किल्ट नेसला नव्हता, तेही किल्ट नेसून ओटकेक खात फिरत होते. अँड्रा पाण्यात उतरला, तेव्हा टाळ्या पडल्या. त्याने डबा टेकवला, वाकून आत तोंड घातलं आणि बाहेरचा आवाज बंद झाल्यासारखा झाला.

पूर्वी जिथे स्वच्छ वाळू-खडे होते, तिथे चिखल साचला होता. चिखलात उघडी, रिकामी टरफलं. तो पुढे सरकला, वळणावरच्या झाडाखाली गेला. तिथे पूर्वी शिंपले मळ्यातल्या कोबीसारखे दाटीने बसलेले असत. तिथेही टरफलंच. बोटाच्या पेराएवढं पिल्लू तरी दिसेल म्हणून तो हातभर हातभर जागा न्याहाळत राहिला. शेवटी एका दगडाच्या आडोशाला एक दिसला. काळाकभिन्न, वाकडा, त्याच्या बापाहून म्हातारा असेल. किंचित उघडा, पाणी ओढत होता. जिवंत होता. आजूबाजूला त्याच्या जातीचं दुसरं कुणी नव्हतं.

अँड्राला रडू फुटलं. तोंड डब्यात होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही.

"मिस्टर टाउन्सली," मिसेस क्राइटनचा आवाज भोंग्यातून आला, "काय काय दिसतंय, सांगा ना आम्हाला!"

त्याने तोंड बाहेर काढलं. पाणी उडाल्यासारखं दाखवत बाहीने पुसलं. काठावर पाचपन्नास माणसं उभी होती. एक आहे म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी तो काढायला येणारच.

"काही नाही," तो म्हणाला.

"बघा! हे लोक आपली गुपितं कध्धी सांगत नाहीत!" बाई म्हणाल्या. सगळे हसले, पुन्हा टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर त्याने बेलाला खरं ते सांगितलं. "एकच?" तिने विचारलं.

हिवाळ्यात नदीला मोठा पूर आला. एप्रिलमध्ये पाणी उतरलं, तसा अँड्रा डबा घेऊन गुपचूप निघाला. ना टाळ्या, ना परवानगी. तीन दिवस शोधत होता. दगडसुद्धा जागेवर राहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी नदीवरच्या रखवालदाराने त्याला पाण्याबाहेर बोलावलं.

"बाबा, उत्सवात तुम्हीच होतात ना? मग तुम्हाला बंदी ठाऊक नाही?"

"मी काही काढत नाही रे. एक होता. आहे का, तेवढं बघतोय."

"इथं काही नाही उरलेलं. सरकारी माणसं मोजणी करून गेली." त्याने वहीत नाव लिहून घेतलं आणि डबा जप्त केला. माणूस वाईट नव्हता. अँड्राला गाडीतून घरापर्यंत सोडायला निघाला होता. अँड्रा नको म्हणाला.

तो जिना चढून आला आणि ओल्या बुटांनिशीच खुर्चीत बसला. बेलाने खाली वाकून एकेक बूट ओढून काढला. त्याचे पाय बर्फासारखे गार पडले होते. ते तिने मांडीवर घेतले आणि चोळत राहिली. काही केल्या ते गरम होईनात.