थंड चुलीतलं भात

लक्ष्मणराव शालनबाईंना किती ओळखत होते, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना उत्तर देता आलं नसतं. शालनबाईंना मुलं किती, नवरा कधी गेला, घरी त्या कुणाशी काय बोलतात, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. चाकणच्या पश्चिमेला ज्या प्लॉटच्या फाटकावर ते वॉचमन होते, तो प्लॉट म्हणजे एके काळचं शालनबाईंच्या सासरचं भातखाचर, आणि आता त्याच जमिनीत त्या रोजंदारीवर माती धुवायला येतात, एवढंच माहीत होतं. लक्ष्मणराव मूळचे बीडकडचे. भोसरीच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभं राहण्यात उमर गेली, त्यामुळे बोलण्याची सवय तशी कमीच.

गोदामाच्या शेडचा पाया खणताना इथं जुनी खापरं निघाली होती. काम थांबलं आणि पुण्याहून उत्खनन करायला विजयश्री मॅडम आल्या. खड्ड्यातली माती पाण्याच्या पिंपात सोडायची. जड माती तळाशी बसायची आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगायचे. ते बारीक जाळीत धरायचं काम शालनबाईंचं.

"एवढ्याशा काळ्या दान्यात काय बघती गं?" शालनबाईंनी एकदा मॅडमना विचारलं होतं.

"देठाकडचा डाग, मावशी. रानातलं भात पिकलं की आपोआप गळतं, त्याचा डाग गुळगुळीत असतो. माणसानं पेरलेलं लोंबीला धरून राहतं. झोडल्याशिवाय सुटत नाही, म्हणून त्याचा डाग फाटल्यासारखा. लोक भात नुसतं वेचून आणत होते की पेरत होते, ते त्यावरून कळतं. गंगेच्या खोऱ्यातल्या दाण्यांवरून आम्हा उत्खननवाल्यांत भांडणं आहेत ती ह्याचीच."

"म्हंजी आमी झोडून झोडून त्याला घरचं केलं म्हना की!" शालनबाई म्हणाल्या. मॅडम हसत सुटल्या. फाटकाशी बसलेले लक्ष्मणरावही हसले.

दिवाळीला मॅडम पुण्याला गेल्या. खड्ड्याच्या कोपऱ्यात एक जुनी चूल अर्धवट मोकळी झाली होती. पाडव्याच्या सकाळी शालनबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. हातात निखाऱ्यांचं मडकं, ओच्यात भावाच्या शेतातलं नवं भात. नवं भात घरात घेण्याआधी मूठभर आपल्या खाचराच्या कोपऱ्यात निखाऱ्याखाली सारायचं, ही त्यांच्या सासूची रीत. जमीन विकली तरी त्यांनी ती मोडली नव्हती. प्लॉटला कुंपण घातल्यावर त्या बाहेरून, तारेला टेकून करत.

"लक्ष्मणराव, आत सोडता का जरा? माझ्या कोपऱ्यातच कुन्या बाईनं आधी चूल मांडून ठेवलीय. ती थंड बघवंना."

सणाच्या दिवशी बाईमाणसाला काय नाही म्हणायचं! त्यांनी फाटक उघडलं. शालनबाईंनी त्या जुन्या चुलीत निखारे घालून मूठभर भात सारलं. यात काही चुकतंय हे दोघांच्याही मनाला शिवलं नाही. मग अवकाळी पाऊस आला, राख दबली, वर माती बसली.

सुट्टी संपली. त्या दिवशी संध्याकाळी पुरातत्त्व खात्याचे साहेब येणार होते. खोदकामाला मुदत वाढवून द्यायची की प्लॉट कंपनीच्या ताब्यात द्यायचा, ते तिथंच ठरणार होतं. मॅडमनी सकाळीच चुलीतली राख पिंपात सोडली. काळे दाणे वर आले, ते वाळवून त्या भिंग घेऊन बसल्या. आणि एकदम ओरडल्या, "फाटलेला डाग! मावशी, पेरलेलं भात आहे हे! आता कोण मुदत देत नाही बघू!" त्यांनी शालनबाईंना मिठीच मारली.

शालनबाईंचे ओले हात तसेच हवेत राहिले. त्यांनी मॅडमच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं. लक्ष्मणरावांना पाडव्याचं निखाऱ्यांचं मडकं आठवलं.

कंपनीचा सुपरवायझर दिग्विजय मोटारसायकलवरून उतरला. बातमी ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "काय आज्जी, तुमच्या भातानं आमची शेड अडवली की राव!"

तो आपला गमतीनं बोलला. शालनबाई हसल्या नाहीत.

दुपारी त्या फाटकाशी पाणी प्यायला आल्या.

"तुमी कुनाला काय बोललाव?"

"मी? नाही, बाई."

"बोलू नका. माझं मी बघते."

म्हणजे काय, ते लक्ष्मणरावांना कळेना. त्या गप्प राहिल्या तर यंदा हिवाळाभर तरी त्यांचा कोपरा उघडा राहील, रोज त्याच्या कडेला बसता येईल. बोलल्या तर उद्या मशीन येऊन तो बुजवणार. पण पुण्याच्या लॅबमध्ये दाण्यांचं वय निघेलच. तेव्हा मॅडमची अब्रू जाणार. आणि शालनबाईंच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, हे कुणी सांगावं? लक्ष्मणराव खुर्चीवर बसून आपले हात चोळत राहिले.

साहेबांची गाडी आली. मॅडम दाण्यांची डबी घेऊन पुढं झाल्या, तशा शालनबाई मध्येच आल्या.

"पोरी, ते भात माझं हाय."

"हो मावशी, जमीन तुमचीच होती—"

"जिमिनीचं न्हाई म्हनत मी. भात! पाडव्याला निखारे घालून मी सारलंय त्या चुलीत. हातानं राख उकरून."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या खड्ड्याच्या काठावर बसल्या. "सगळं मिसळलं मग. तुमचं कुठलं, जुनं कुठलं, नुसत्या डोळ्यांनी नाही सांगता येणार." मग हळूच म्हणाल्या, "मुदत गेली, मावशी. उद्या मशीन येईल. कळत होतं ना तुम्हाला?"

"कळत हुतं की. पर चूल त्या बाईची. तिच्या नावावर माझं भात कसं लावू?"

साहेबांना मॅडमनी सगळं खरं सांगितलं. त्यांनी मुदत वाढवली नाही. मात्र चुलीच्या बुडाची, निखारे न पोचलेली माती एकसंध कापून पुण्याला न्यायला परवानगी दिली. एका खापरात भाताच्या कोंड्याचे ठसे भाजून पक्के झाले होते, तेही नेऊ दिलं. ते भात पेरलेलं की वेचलेलं, ते त्या ठशांवरून कळत नव्हतं. शालनबाईंनी चूल कापताना माती धरून दिली.

अंधारून येता येता त्या फाटकाबाहेर पडल्या. उद्यापासून काम नव्हतं, त्यामुळे त्या परत येणार नव्हत्या.

"शेअर रिक्षा मिळंल का हो आता?"

"चौकात मिळंल, बाई. सावकाश जा."

"व्हय. फाटक लावून घ्या. कुत्री शिरत्यात आत."

"लावतो," लक्ष्मणराव म्हणाले.