दसऱ्याला पुजलेल्या सीड्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी सांगावं की नको, म्हणून दोनदा कागद बाजूला ठेवला.

बालाघाटच्या एका खासगी कॉलेजात मी बडेबाबू होतो — ऑफिसचा मुख्य कारकून. सहा कम्प्युटर, त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहा सीड्या. प्रत्येक सीडीच्या पाकिटावर पंचवीस अक्षरांची की, म्हणजे परवान्याचा क्रमांक. मशीन बसलं, म्हणजे बंद पडलं, की सगळं नव्याने भरायला सीडी घालायची, तिचीच की टाकायची. कुठल्या सीडीची कुठली की, याचं रजिस्टर माझ्याकडे. माझ्या यादीत चूक नसते — हे मीच सगळ्यांना सांगत असे.

दिवाळीनंतर चार नंबरचं मशीन बसलं. सीडी घातली, की टाकली — चुकीची. पाचदा टाकली. मग पहिलं मनात काय यावं? आपण चुकलो? छे! कुणीतरी खरी सीडी नेऊन दुसरी ठेवली, हेच आलं. टायपिस्ट निर्मलाबाई राजेगावहून बसने येत. त्यांच्या दिराने गोंदियाला नुकताच कम्प्युटर क्लास काढला होता. झालं! सीड्यांच्या कपाटाजवळ त्या कधी जातात, किती वेळ थांबतात — आठवडाभर मी टिपून ठेवलं. शेवटी सगळ्यांसमोर त्यांना पिशवी उघडायला लावली. डबा, टॉवेल, जावेसाठी घेतलेल्या बांगड्या. शिपाई हसला, "अजी बडेबाबू, पिशवीत कायले ठेवतीन? क्लासात पोचली असन!"

दुसऱ्या दिवशी पाच नंबरच्या पाकिटातली सीडी घालून पाहिली. चार नंबरची की लागली.

तेव्हा आठवलं. दसऱ्याला आम्ही सीड्या पाकिटांतून काढून मांडल्या होत्या, हळदकुंकू वाहिलं होतं. संध्याकाळी पुसून परत कुणी भरल्या? मीच. नंबर पाकिटांवर होते, सीड्यांवर नव्हते. एक मशीनसोबत आलेली, एक दुकानातून वेगळी घेतलेली — दिसायला सारख्या, पण एकीची की दुसरीला चालत नाही.

मी एवढंच म्हणालो, "सीडी मिळाली." कुठे, ते नाही. सगळे धरून चालले — बाईंनी घाबरून आणून ठेवली. मला ते कळत होतं. आणि — सोयीचं होतं.

निर्मलाबाई टेबलाशी आल्या. "बडेबाबू, कुठी सापडली ते सांगून द्या ना सगळ्याइले. माह्यं नाव खराब होऊन राह्यलं."

"पाहू," मी म्हणालो. पाहायचं काय होतं?

त्या दिवसापासून घरी निघताना त्या पिशवी माझ्या टेबलावर उघडून ठेवू लागल्या. कुणी न सांगता. "नको, बाई" — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तीन वर्षं मी रोज आत पाहिलं, आणि ठीक आहे म्हणून मान हलवली.