मासळीबाजारातला बर्फ

"बाकीचे बाहेर. आत मी," असं म्हणत आमच्या सिस्टर कॅज्युअल्टीचा पडदा खस्सकन ओढायच्या. नातेवाईक कितीही बडे असोत, बाहेर म्हणजे बाहेर. तुम्हीही अशी एखादी सिस्टर पाहिली असेल, जिच्यापुढे डॉक्टरसुद्धा जरा जपून वागतात. मी मालाडच्या त्या छोट्या हॉस्पिटलात ईसीजी काढायचो आणि त्यांना मनापासून घाबरायचो.

बाई मालवणकडच्या. वडील गिरणीत, स्वतः पस्तीस वर्षं नर्स. ड्यूटी संपली की समोरच्या मासळीबाजारात जाऊन बांगड्यांचे कल्ले उघडून बघत अशी हुज्जत घालायच्या, की तिथली कोळीणमावशी त्यांच्यासाठी ताजे बांगडे आधीच वेगळे काढून ठेवायची. आईसमोर कोणी खरं बोलत नाही, हा त्यांचा ठाम अनुभव. म्हणून तो पडदा.

एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास एका पोराने बावीस वर्षांच्या मैत्रिणीला रिक्षातून आणलं. मनोरीला एका कॉटेजवर सकाळपासून डान्स पार्टी होती, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून आलेले. मुलगी चादरीत गुंडाळलेली, काहीबाही बरळत होती. ताप एकशे सहा. पोरगा एकच सांगत होता, ऊन लागलं. आमचे नवे डॉक्टर तेच लिहायला लागले.

सिस्टरनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. जबडा घट्ट आवळलेला, दात करकर वाजत होते, बाहुल्या मोठ्या झालेल्या. त्यांनी आधी चादर काढून फेकली आणि पोराला पडद्याआड घेतलं.

"मी पोलीस नाय, हिची आई पण नाय. काय घेतलं हिने, किती, कधी?"

पोराने पुन्हा उन्हाचंच सांगितलं.

"माका खरा सांग रे बाबा. नायतर पोरगी जातली."

तेव्हा तो बोलला. पार्टीतली नशेची गोळी. एकीने काहीच होईना म्हणून तासाभरात दुसरी, मग उन्हात नाच. थंडी वाजते म्हणाली म्हणून चादर गुंडाळली, आणि बाटल्यांमागून बाटल्या पाणी पाजलं. बिचाऱ्याला वाटत होतं, आपण सगळं बरोबरच केलं.

डॉक्टरांनी लगेच ट्रीटमेंट बदलली. तडफड थांबवायचं इंजेक्शन दिलं, रक्तातलं मीठ तपासायला पाठवलं. मी ईसीजी काढला. हा ताप साध्या औषधाने उतरणारा नव्हता, बर्फच हवा होता, आणि आमच्या फ्रिजमध्ये त्याचे जेमतेम दोन ट्रे. सिस्टरनी मला समोर पिटाळलं. कोळीणमावशीने एका शब्दाने न विचारता पेटीतला बर्फ दोन गोण्या भरून दिला.

काखेत, मानेपाशी, जांघेत बर्फाच्या पिशव्या, वर ओली चादर आणि पंखा. सिस्टर दीड तास जागच्या हलल्या नाहीत. हात चालू आणि तोंडही. अंगातली आग बाहेर पडायला वाट मिळाली नाही की मसल आतून शिजतात, किडन्या चोंदतात, आणि वरून पाणी जास्त झालं तर मेंदूला सूज येते, असं त्या पोराला समजावत होत्या. ओरडल्या मात्र एकदाही नाहीत.

सहाच्या सुमारास मुलीने डोळे उघडले आणि विचारलं, "इथे मासळीचा वास का येतोय?"

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. इतक्या वर्षांत मला त्या पहिल्यांदाच थकलेल्या दिसल्या, आणि फार फार आवडल्या.

तिची आई बोरिवलीहून धावत आली. मुलीने तिलाही उन्हाचंच सांगितलं. सिस्टरनी मुलीला बजावलं की मी काही सांगणार नाही, पण तू सांग. मंगळवारी त्या रिटायर झाल्या आणि रात्रीच्या गाडीने गावी गेल्यादेखील.

बुधवारी मुलीने आईला सगळं सांगितलं. आई खोलीतून बाहेर आली आणि तीन दिवस बाकावर बसून असलेल्या त्या पोरासमोर जाऊन उभी राहिली. आता थोबाडीत बसणार, असं मला वाटलं.

"जेवलास का?" आईने विचारलं.

मी लगेच सिस्टरना गावी फोन लावून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मगे जेवलो मा तो?"

जेवला, म्हटलं. चपाती आणि भेंडी, तिच्या आईच्या डब्यातली.