डोक्याला डोकं

काल शेजारच्या वहिनी मुलीच्या डोक्याला कापूर घातलेलं खोबरेल चोळत होत्या. तो वास जिन्यात आला आणि मी तिथंच थबकले.

तिसरीत असताना जयसिंगपूरच्या आत्यानं मला असंच तेल लावून अंगणात बसवलं होतं. समोर पांढरा पंचा, त्यावर फणीतून पडणाऱ्या उवा.

"गोड रक्ताची हाय पोर," आत्या म्हणाली. "शाळेत कुणाजवळ बसतीस गं?"

मी पंच्यावरच्या उवा मोजू लागले. रेवाचं नाव घेतलं असतं, तर आईनं मॅडमना सांगून माझा बेंच बदलला असता. वर्गात माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती.

"उवांना पंख नसत्यात, बाई. डोक्याला डोकं टेकल्याबिगर त्या दुसरीकडं जात न्हाईत." आत्या हसली. "लई जीव दिसतोय दोघींचा. न्हाय सांगत तुझ्या आईला."

तेव्हा मला नुसती लाज वाटली होती. रेवा आता कुठं असते, ठाऊक नाही. एकाच पुस्तकावर वाकताना डोकी टेकली आहेत हे दोघींनाही कळू नये, इतकं जवळ त्यानंतर माझ्या कुणी बसलेलं नाही.