सरांचा ‘हं’ आणि माझं अमेरिकन मशीन

आमच्या सोसायटीत समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर एक सज्जन गृहस्थ राहतात आणि त्यांच्या सज्जनपणाचा मला दोन वर्षं अतोनात त्रास झालेला आहे. माणूस खवट असता तर माझं काम सोपं होतं. पण हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले इंजिनिअर. भेटले की आधी हसणार, हातातली पिशवी जड दिसली तर न विचारता एक बंद धरणार. अशा माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं असतं. सगळं एकट्यालाच करावं लागतं, समोरून काडीची मदत मिळत नाही.

हेवा कशाचा, ते सांगतो. इंदिरानगरातल्या माझ्या घरी अकरा वर्षं दर रविवारी सकाळी नऊला गाणं ऐकायची बैठक भरायची. बैठक म्हणजे एकूण पाच माणसं. मी, पोहे करता करता स्वयंपाकघरातून ऐकणारी माझी बायको, बँकेत अधिकारी असलेल्या एक बाई, बैठक सुरू झाली की झोपणारे त्यांचे यजमान, आणि सर. सर म्हणजे माझे शाळेतले गणिताचे शिक्षक. तरुणपणी दहा वर्षं गाणं शिकलेले, आता अठ्ठ्याहत्तरीचे. बाकीचे तिघे नसते आले तरी चाललं असतं. बैठक सरांसाठी होती. खरं म्हणजे सरांच्या ‘हं’साठी होती.

सर कधी ‘वा’ म्हणत नाहीत, मान डोलवत नाहीत. डोळे मिटून बसतात. गाण्यात एखादी जागा अशी आली की जिच्यापुढे काही बोलण्यात अर्थ नाही, तर नाकातून बारीकसा ‘हं’ निघतो. बस. शाळेत माझ्या गणिताच्या वहीवर त्यांनी चुकूनसुद्धा कधी बरोबरची खूण केली नव्हती, त्यामुळे मी निवडलेल्या रेकॉर्डिंगवर मिळालेला तो ‘हं’ मला आठवडाभर पुरायचा. ऑफिसात साहेब बोलला तरी मी मनातल्या मनात म्हणायचो, तू काय बोलतोस, रविवारी मला तीन मिळालेत.

या जोरावर माझं नाक बरंच वर गेलं होतं. आलाप चालू असताना चमचा बशीला लागलेला मला खपत नसे. सिनेमातलं गाणं गुणगुणणाऱ्या मेहुण्याला मी बैठकीत घ्यायचं बंद केलं. एकदा तर रिक्षात जोरात लागलेली गाणी बंद करायला लावून मी रिक्षावाल्याला अभिरुची म्हणजे काय ते समजावत होतो. त्यानं मला मुंबई नाक्याला उतरवलं. मला जायचं होतं नाशिकरोडला.

मग हळूहळू सरांचे ‘हं’ आटायला लागले. तिनाचे दोन झाले, दोनाचा एक. एकदा सलग पाच रविवार काहीच नाही. सर यायचे, डोळे मिटून बसायचे, पोहे खाऊन जायचे. मी निष्कर्ष काढला की सरांचा कान आणखी बारीक झालाय आणि माझा साठा त्यांच्या पातळीच्या खाली गेलाय. मी सीडी बदलल्या, गवय्ये बदलले, घराणी बदलली. काही उपयोग झाला नाही.

नेमके तेव्हाच इंजिनिअरसाहेब समोर राहायला आले. त्यांच्याकडे टर्नटेबल होता. काचेसारखं झाकण, जाडजूड तबकडी, दोन्ही बाजूंना कमरेएवढे स्पीकर. त्यांनी आम्हा सगळ्यांना ऐकायला बोलावलं आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं, ‘मला रागबिग काही कळत नाही हो, मला मशीन आवडतात.’ मला बरं वाटलं. म्हटलं, चला, इथे तरी आपण वरचे. त्यांनी एलपी लावली, सुई टेकवली, आणि पहिल्या पाव तासात सरांनी चार वेळा ‘हं’ केलं.

बायको माझ्या शेजारीच बसली होती. हळूच म्हणाली, “अहो, ताल धरताय की मोजताय?”

पुढच्या रविवारी सर सहज म्हणाले, इथेच बसू या की. आणि बैठक गेली. मला कोणी काढलं नव्हतं, उलट इंजिनिअरसाहेब मला आग्रहानं पुढे बसवायचे. मी मात्र कोपऱ्यात बसून दोष शोधायचो. एकदा म्हणालो, तुमच्या स्पीकरचा खर्ज जरा फुगतोय. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या रविवारी स्पीकर भिंतीपासून दोन वीत पुढे ओढलेले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, हे तुमच्यामुळे सुधारलं. त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर मी निदान नीट झोपलो असतो.

तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं की जादू आहे ती एलपीत. सीडीत गाणं वाळतं, एलपीत ओलं राहतं, अशी वाक्यं मी लोकांना ऐकवायला लागलो. तोवर मी अकरा वर्षं त्याच लोकांना सीडीचं गाणं कसं स्वच्छ असतं ते ऐकवलं होतं. आता त्यांच्यासारखं मशीन घ्यायची माझी ऐपत नव्हती आणि ते कबूल करायची तयारी नव्हती. स्वस्तातल्या, सुटकेससारख्या दिसणाऱ्या नव्या टर्नटेबलांकडे बघून मी नाक मुरडायचो, म्हणजे दुकानात जाऊन, किंमत विचारून, मग मुरडायचो.

एवढ्यात ऑफिसातल्या एकाकडून कळलं की नामपूरला कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे अमेरिकेहून आणलेलं जुनं मशीन पडून आहे, देऊन टाकायचंय. मी शनिवारी रजा टाकून एसटीनं नामपूर गाठलं. व्यापारी भला माणूस होता. मेव्हण्यानं कधीकाळी तिकडून आणलेलं मशीन त्यानं धूळ झटकून पुढे ठेवलं, सोबत एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर दिला, कारण तिकडची वीज निम्म्या दाबाची. वर आठ-दहा एलपी तशाच दिल्या. लपवलं त्यानं काहीच नाही. म्हणाला, “मशीन चांगलं शे भाऊ. जरा दमानं चालस, इतलंच.”

मला त्याची दया आली. म्हटलं, याला बिचाऱ्याला शास्त्रीय संगीत म्हणजे काय, विलंबित म्हणजे काय, कुठून कळणार. त्याला सगळंच दमानं वाटणार. मशीन मांडीवर घेऊन मी नाशिकला आलो.

रविवारी सगळ्यांना माझ्याकडे बोलावलं. ‘अमेरिकन मशीन’ हे शब्द मी जिना चढणाऱ्या प्रत्येकाला वेगवेगळे ऐकवले. मग जुन्या काळच्या एका मोठ्या गायिकेची एलपी लावली. तिचा पहिला षड्ज लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. असा भरदार, खोल, गंभीर आवाज. आणि लय अशी ठाय की दोन मात्रांच्या मध्ये माणसानं पोह्यांवर खोबरं पेरून घ्यावं.

बँकेतल्या बाई जरा चुळबुळल्या. मी ही बाई ऐकलीय, तिचा आवाज तर बारीक आहे, काळी चारमध्ये गाते, हा फार जाड वाटतोय, असं म्हणाल्या. मी त्यांच्याकडे रिक्षावाल्याकडे पाहिलं होतं तसं पाहिलं. ही तिची उतारवयातली ध्वनिमुद्रिका आहे, मी सांगितलं. आवाज उतरला की गाणं आत जातं. इतकी ठाय लय पेलायला छाती लागते, आजकाल कोणात आहे. तुम्हाला मोबाईलवर ऐकायची सवय, म्हणून वेगळं वाटतं. बाईंनी पोह्यांची बशी उचलली. त्यांचे यजमान तेवढ्यात जागे होऊन ‘क्या बात है’ म्हणून परत झोपले.

आणि सर. सरांनी एका बाजूत सात वेळा ‘हं’ केलं. सात. शेवटी डोळे उघडून म्हणाले, “अरे, कितीतरी दिवसांनी गाणं ऐकलं.” इंजिनिअरसाहेब चहाचा कप ठेवायला मशीनमागे वाकले होते, ते तसेच जरा वेळ वाकून राहिले. मला वाटलं, जळला. मी तो दिवस फार आनंदात घालवला.

सोमवारी संध्याकाळी ते एकटेच आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, “साहेब, वाईट वाटून घेऊ नका. त्या मोटरवर साठ लिहिलंय.”

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, हेलकावे बदलत नाही. त्या हेलकाव्यांवर चालणारी मोटर इथे हळूच फिरणार. तीस वर्षं त्यांनी एकलहऱ्याला पन्नासावर थरथरणारा काटा बघण्यात घालवली होती. त्यांना नसतं दिसलं तर कोणाला दिसलं असतं. म्हणजे ती गायिका उतारवयात वगैरे काही गेलेली नव्हती. ऐन उमेदीत, काळी चारमध्ये, झकास गात होती. मी तिला तीन पट्ट्या खाली ढकललं होतं, तिची लय लोळवली होती आणि वर त्या अपघातावर व्याख्यान दिलं होतं.

कालच का नाही सांगितलंत, मी विचारलं. विचारताना मला वाटलं, आता हा म्हणेल, तुमची शोभा नको व्हायला म्हणून. तेवढं तरी माझ्या वाट्याला आलं असतं.

“सर फार खूश होते हो,” ते म्हणाले. “त्यांना वरचे सूर ऐकू येत नाहीत आताशा. खालचा आवाज येतो. माझ्याकडे मला दर रविवारी थोडा आवाज वाढवावा लागतो. तुमच्या लक्षात आलंच असेल.”

माझ्या लक्षात आलं नव्हतं. अकरा वर्षं सरांच्या गुडघ्याला गुडघा लावून मी बसत होतो. त्यांचे ‘हं’ आटले तेव्हा मी घराणी बदलली, पण आवाजाचं बटण फिरवलं नाही. आणि ज्याला रागबिग कळत नाही, त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्या क्षणी मला त्यांच्या टर्नटेबलाचा, स्पीकरचा, कशाचाच हेवा वाटेना. हेवा वाटला तो त्यांनी सरांकडे नीट बघितलं होतं याचा. तो आधीच्यापेक्षा वाईट निघाला, कारण त्याला मशीन विकत घेऊन उतारा नव्हता.

त्यांनी अंबडच्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून जरा जाड पितळी पुली करून आणली, मोटरवर बसवली, आणि मशीन बरोबर वेगानं फिरायला लागलं. मधल्या दिवसांत मी बँकेतल्या बाईंना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला माहीत होतं, माझ्याकडे तीच एलपी आहे. मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, तुम्ही बोलू देता का कोणाला.

पुढच्या रविवारी तीच एलपी लावली. गायिका तरुण झाली होती. आवाज तलवारीसारखा, लय चालती. मी सरांकडे बघत बसलो, पहिल्यांदाच गाण्याकडे न बघता. सर डोळे मिटून होते, पण कपाळावर आठी होती आणि मान मशीनकडे थोडी कललेली होती. अख्खी बाजू संपली. नाकातून काही निघालं नाही.

“आज घाईत आहे का रे ही?” सर म्हणाले. “मागच्या वेळी सगळं ऐकू येत होतं.”

माझ्या जिभेवर सगळं स्पष्टीकरण तयार होतं, हर्ट्झसकट. बरोबर काय ते सांगण्यात मी जन्म घालवलाय. आणि बरोबर तर आजचंच होतं.

मी म्हणालो, “हो सर, माझी चूक झाली. जरा मशीन बिघडलंय. दुरुस्त करून लावतो.”

मी पेचकस आणायला उठलो, तर इंजिनिअरसाहेबांनी तो खिशातून काढला. दुसऱ्या खिशातून जुनी, बारीक पुली. ते घेऊनच आले होते. मी झाकण धरलं, त्यांनी पुली बदलली, आणि त्या थोर गायिकेला आम्ही दोघांनी मिळून पुन्हा म्हातारी केली. बँकेतल्या बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. सर पाचव्या मिनिटाला ‘हं’ म्हणाले.

तेव्हापासून बैठक माझ्याकडे असते. सरांनीच तसं जाहीर केलं. असा आवाज दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये नाही, म्हणाले. म्हणजे हिशोबानं मी जिंकलो. पण माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सरांना आता एकट्यानं जिना चढवत नाही. त्यांना वर घेऊन येतात इंजिनिअरसाहेब. दर रविवारी पावणेनऊला मी दार उघडून उभा राहतो. खालून दोघांची पावलं येतात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबतात. तिथे ते दम खायला पायरीवर बसतात. पाच मिनिटं, कधी दहा. बोलणं कळत नाही, पण सर हसतात ते ऐकू येतं. शाळेपासून आजतागायत सरांना मी इतकं हसवलेलं मला आठवत नाही. काय बोलत होतात, असं विचारलं तर सर म्हणतात, काही नाही रे, एकलहऱ्याच्या गमती.

मागच्या रविवारी मला राहवलं नाही. चप्पल न घालता, कठड्याला धरून, मी अर्धा जिना खाली उतरलो आणि भिंतीला चिकटून कान लावला. दोन पायऱ्या आणखी उतरलो तर गुडघा वाजला. खालचं बोलणं थांबलं.

“कोण रे, तू का?” सर म्हणाले. “चोरासारखा काय येतोस, ये की.”

इंजिनिअरसाहेब हसून बाजूला सरकले, पायरीवर हातानं धूळ झटकली आणि मला जागा करून दिली. मी बसलो. सरांच्या शेजारी ते, आणि त्यांच्या पलीकडे मी.