टोपी घातली!

टोपीवाल्याच्या दुकानात एक कायदा होता: गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आपल्या हाताने टोपी घालायची नाही. हातात द्यायची, आरसा दाखवायचा, बस्स. ‘टोपीवाल्याने टोपी घातली’ हा विनोद ऐकून ऐकून म्हाताऱ्याचे कान किटले होते. गोल घुमटाची कडक टोपी असो, रुंद काठाची फेल्ट असो की चपटी लोकरीची, कायदा सगळ्यांना सारखाच.

आता म्हाताऱ्याचे हात थरथरत. फेल्ट वाफेवर मऊ करून लाकडी साच्यावर ओढायचं, काठ इस्त्रीने बसवायचा, हे सगळं थोरली लेक करायची. गल्ली तिला फटाकडी म्हणे. पण गिऱ्हाईक आलं की फटाकडीने पडद्यामागे जायचं. पुरुषांच्या डोक्याला बाईचा हात कसा लागणार? जणू लहानपणी या डोक्यांना न्हाऊ घालायला हवालदार येत होता!

दुकानात अर्धा वाटा असलेल्या तिच्या काकाला त्या जागेत मोबाइलची कव्हरं विकायची होती. बँडमास्तर नवी टोपी सांगायला आला, तेव्हा काका खूश झाला. या माणसाने आजवरची प्रत्येक टोपी परत आणली होती. वाजवताना घसरते, ही एकच तक्रार.

“ही पण परत आली की साचे चुलीत,” काका पुतणीला म्हणाला.

“आणि नाही आली तर?”

“तर दुकान तुझं. जा!”

फटाकडी मापाची फीत घेऊन पडद्याबाहेर आली.

“मास्तर, कर्णा काढा. वाजवा.”

“इथे?”

“मग? टोपी घालून मुकाट बसणार आहात का?”

मास्तरने फुंकलं. गाल फुगले, कानशिलं तट्ट झाली आणि डोक्याभोवती धरलेली फीत तिच्या बोटांतून सरकली. आजवर सगळ्यांनी गप्प बसलेल्या डोक्याचं माप घेतलं होतं!

टोपी तयार झाली. मास्तर न्यायला आला. तिला इतका हुरूप आला, की कायदाबियदा विसरून तिने ती थेट त्याच्या डोक्यावर बसवली.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. काका खिदळला, “घ्या मास्तर! पोरीने तुम्हाला टोपी घातली!”

तिचे कान लाल झाले. मग ती उसळली. “घातली! दोन्ही हातांनी घातली! मास्तर, वाजवा. घसरली तर मीच साचे चुलीत टाकते.”

मास्तरने मान मागे टाकून असा सूर लावला, की समोरच्या खिडक्या उघडल्या. मान हलवली, वाकला, गिरकी घेतली. टोपी जागची हलली नाही. तसाच वाजवत तो रस्त्याने निघून गेला. काका दारात उभा राहून वाट बघत राहिला. सूर कोपऱ्यावर वळला, तरी मास्तर काही मागे फिरला नाही.

म्हातारा खाकरला. “पोरी, तो पडदा काढ आता.”

“काढते, अप्पा.” तिने स्टूल ओढलं. “काका, उभेच आहात तर जरा धरा की!”