वाघोबाची पाठ

माझी सरू आत्या सत्तरीची. आमच्या ठाकरवाडीत जंगलाची हद्द तिच्याएवढी कुणालाच ठाऊक नाही. तरणेपणी डोक्यावर मोळी घेऊन चाकणच्या बाजारात उतरायची, वाटेतला दगड न् दगड तिच्या ओळखीचा. कागद मात्र तिनं कधी मानला नाही. "कागदाला पाय असत्यात व्हय रं? मंग त्याला हद्द कशी ठावी?" म्हणायची.

पण यंदा कागदाशिवाय गत नव्हती. डोंगराच्या पलीकडून खाणवाले सरकत होते. सामूहिक वनहक्काच्या दाव्याला नकाशा लागतो आणि सोमवारी तो तालुक्याला द्यायचा होता. म्हणून आत्या पुढं, फोन धरून मी मागं. आम्ही चालू तशी फोनवर रेघ उमटायची. माझ्या दोन सुट्ट्या त्यात गेल्या, पिंडऱ्यांचे गोळे झाले.

शनिवारी माझ्या पुतणीनं, तनुजानं, ती रेघ लॅपटॉपवर उघडली आणि म्हणाली, "काका, वाघोबाची राई बाहेर राहिलीय."

"डोळे फुटले का तुझे?" मी खेकसलो. अहो, सगळा दावाच मुळी त्या देवराईसाठी! मी कंपनीत सीएनसी मशीनवर केसाएवढी चूक धरणारा माणूस, मग अख्खी राई सुटली कशी? फोनला शिव्या घातल्या, रेंजला घातल्या, तनुजावरही घसरलो. डोकं नुसतं भंजाळलं. पुन्हा पाहिलं तरी तेच. रेघ देवापर्यंत नीट आली होती, देवासमोर वळली होती आणि खाली गेली होती.

आत्यानं वाकून पाहिलं. "बराबर हाय की. आपून असंच गेलो."

"पण हद्द तर राईच्या पल्याड हाय ना?"

"हाय. पर वाघोबाच्या पाठीमागं कसं जायाचं? त्याची पाठ त्यो राखतो."

आता बोला! वाडीतलं कुणीच कधी देवामागं पाऊल टाकत नाही. समोर नारळ, नमस्कार, आल्या पावली माघारी. मीही तिथं मुकाट वळलो होतो आणि वर फोनला झोडत होतो. आता हद्द धरावी तर रीत मोडते, रीत पाळावी तर राई जाते. मला काही सुधरेना.

रविवारी उजाडताच आत्या दारात. "चल. त्याच्याच जागंसाठी चाललोय, खातोय का मला?" राईपाशी तिनं वहाणा काढल्या, हात जोडले आणि देवामागं शिरली. पाठोपाठ मी.

वीसेक पावलांवर दोघंही थांबलो. समोर एकदम ऊन. पुढून गच्च दिसणारी राई मागून मोकळी होती. नुसते तोडलेले बुंधे. काही जुने, काळे पडलेले, काहींचा भुसा अजून ओला. खाणीचा रस्ता पार तिथवर आला होता. कधी तोडली? आम्ही मागं फिरकत नाही हे त्यांना कुणी सांगितलं?

आत्या एका बुंध्यापाशी बसली आणि धाय मोकलून रडली. "त्यानं राखली न्हाई रं... का आमीच न्हाई राखली?" मी फोन खिशात घालायला लागलो.

तशी तिनं पदरानं डोळे पुसले, उठली, आणि बुंध्यांच्या बाहेरच्या अंगानं, खाणीच्या खडीवरून अनवाणी निघाली.

"आत्या, तिकडं झाडं कुठायत आता?"

"बुंधं हायती न्हवं? काढ तुजी रेघ. ही जागाबी आतच घ्यायची."